जनित्र, रोहित्र आणि खांबावरचा माणूस

आधी एक प्रसंग सांगतो, मग माझे मत सांगतो. मत पटले नाही तरी चालेल. परंतु त्यातील गणित मात्र वहीवर करून पाहा.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात नंदुरबार तालुक्यातील कोरीट या गावी नात्यातल्या एका लग्नासाठी मी गेलो होतो. हळदीची रात्र होती. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि वाऱ्याने एक निंबाची फांदी मोडून विजेच्या तारांवर पडली. तार तुटली आणि आमच्या गल्लीत अंधार झाला. लग्नघर म्हटल्यावर अंधारात बसून कसे चालेल? मंडपवाल्याने एक छोटे जनित्र आणून ठेवलेले होतेच. पेट्रोलवर चालणारे, दोन माणसांनी उचलावे एवढे, दोन के.व्ही.ए.चे. गावात त्याला सगळे ‘जनरेटर’ म्हणतात. माझा अकरावीतला भाचा पुढे झाला. त्याने एक वायर आणली. तिच्या दोन्ही टोकांना पिन टॉप बसवलेले होते. एक टोक त्याने जनित्राच्या सॉकेटमध्ये घातले आणि दुसरे ओसरीवरच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये. दोरी ओढली, इंजिन सुरू झाले आणि घरातले सगळे दिवे लागले. पोराचे कौतुकही झाले.

एवढ्यात समोरच्या घरातली मुले ओरडू लागली, “आली, आली! लाईट आली!” पाहतो तो समोरच्या ओट्यावरचा बल्ब पेटलेला आणि आतला पंखा हळूहळू फिरू लागलेला. त्यांच्या बाजूच्या घरातही उजेड दिसत होता.

वीज आलेली नव्हती. त्या दोन्ही घरांत जो उजेड पडला होता तो आमच्या अंगणातल्या जनित्राचा होता.

मी धावत जाऊन इंजिन बंद केले आणि मगच भिंतीतली पिन काढली. हा क्रम महत्त्वाचा आहे. इंजिन चालू असताना ती पिन भिंतीतून ओढली असती, तर २३० व्होल्टचे उघडे पितळ माझ्या हातात आले असते. नेहमीच्या वायरीला एकीकडे पिन असते, म्हणजे दाब नेहमी सॉकेटच्या छिद्रात, झाकलेल्या जागी असतो. दोन्हीकडे पिन लावली की ही साधी आणि शहाणपणाची व्यवस्थाच उलटी होते. भाच्याला विचारले, “मेन स्विच पाडला होतास का?” तो म्हणाला, “मामा, दर वेळी पाडतो. आज गडबडीत विसरलो.”

हा मुलगा निष्काळजी नव्हता. हुशार होता, हाताने काम करणारा होता. पदार्थविज्ञानात त्याला चांगले गुण होते. रोहित्राची आकृती त्याला पाठ होती. आणि तिथेच मला माझा स्वतःचा दोष दिसला.

रोहित्र म्हणजे खेड्यात सर्वजण ज्याला ‘डीपी’ म्हणतात ते यंत्र. आम्ही शिक्षक फळ्यावर त्याची आकृती काढतो, डावीकडे ‘प्राथमिक वेटोळे’ आणि उजवीकडे ‘दुय्यम वेटोळे’ असे लिहितो. डावीकडून एक बाण आत जातो, उजवीकडून एक बाण बाहेर येतो. मुले ते उतरवून घेतात. मी वीसेक वर्षे असाच बाण काढत आलो. त्यामुळे मुलांची समजूत होते की वीज डीपीतून घराकडे येते, घराकडून डीपीकडे जाऊ शकत नाही. जणू काही पाण्याच्या पंपातली एकाच बाजूने उघडणारी झडपच आत बसवलेली आहे. अशी कोणतीही झडप रोहित्रात नसते. १८३१ मध्ये मायकेल फॅरडेने लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून प्रयोग केला. त्या वेळी पहिले कोणते आणि दुसरे कोणते हे कड्याला ठाऊक नव्हते. घटमाला ज्याला जोडली ते पहिले. आजच्या डीपीलाही एवढेच कळते.

आता गणित करू. आपल्याकडील वितरण रोहित्राला एका बाजूने ११,००० व्होल्ट दाब मिळतो. दुसऱ्या बाजूला दोन फेजमध्ये ४३३ व्होल्ट, म्हणजे एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये ४३३ भागिले १·७३२, सुमारे २५० व्होल्ट मिळतात. ११,००० ला २५० ने भागा. उत्तर ४४. एका बाजूच्या वेटोळ्यात दुसऱ्या बाजूच्या ४४ पट वेढे आहेत. ही झाली नेहमीची गोष्ट. आता वरची लाईन बंद आहे, डीपी शाबूत आहे आणि कोणी घरातून २३० व्होल्टचे जनित्र उलट बाजूने जोडले. २३० गुणिले ४४. डीपीच्या वरच्या अंगाला १०,१२० व्होल्ट उभे राहतात! ज्या लाईनला गावातला प्रत्येक माणूस ‘बंद’ समजतो आहे तिच्यावर.

यावर हुशार मुलगा लगेच म्हणेल, “सर, दाब ४४ पट वाढला तर प्रवाह ४४ पट कमी होईल, ऊर्जा काही फुकट मिळत नाही.” अगदी बरोबर. दोन के.व्ही.ए.चे जनित्र २३० व्होल्टला सुमारे ८·७ अँपिअर देऊ शकते. त्याला ४४ ने भागले की ०·२ अँपिअर उरतात. ०·२ अँपिअर म्हणजे २०० मिलिअँपिअर. माणसाच्या छातीतून १०० मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह सेकंदभर गेला तरी हृदयाचे ठोके विस्कटून ते बंद पडू शकते; घरात बसवायची गळतीरक्षक कळ ३० मिलिअँपिअरलाच तुटते ती याचसाठी. तेव्हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम खांबावरच्या माणसाला येथे वाचवीत नाही.

दुसरा आक्षेप अनुभवी माणसांचा असतो, आणि तो मी अनेकदा ऐकला आहे. “एवढेसे जनरेटर गावभर वीज कशी पुरवणार? मेन चालू राहिला तर सगळ्या गावाचा भार त्यावर पडेल आणि ते गुदमरून बंद पडेल.” पुष्कळदा असे होतेही. पण कोरीटला झाले नाही, ते का? कारण तार तुटली होती ती डीपी आणि आमची गल्ली यांच्या मध्ये. आमच्या बाजूला तारेचा जो तुकडा उरला त्यावर चारदोन घरेच होती. दोनचार बल्ब, एक-दोन पंखे. एवढा भार ते जनित्र सहज उचलत होते. आता विचार करा. वादळानंतर वायरमन प्रथम कुठे येणार? जिथे तार तुटली आहे तिथेच. आणि जिथे तार तुटते, तिथेच लाईनचा असा लहानसा, जनित्राला पेलेल असा तुकडा वेगळा पडतो. म्हणजे ‘ते बंद पडेल’ हा भरवसा नेमका त्याच ठिकाणी खोटा ठरतो, ज्या ठिकाणी माणूस तारेला हात लावणार असतो.

त्या रात्री सुमारे दीड तासाने वायरमन मोटारसायकलवर आला. अंगावर भिजलेला रेनकोट होता. त्याने आधी गाडी बंद केली आणि काही न बोलता थोडा वेळ तसाच उभा राहिला. मला वाटले दमला असेल. पाणी दिले तेव्हा विचारले. तो म्हणाला, “ऐकत होतो सर. कुठे जनरेटर भुणभुणतोय का ते. लग्नसराईत पहिल्यांदा तेच ऐकायचं.”

प्रवाह दिसत नाही, त्याला वास नाही. म्हणून तो इंजिनाचा आवाज ऐकत होता. भाच्याने झालेला प्रकार त्याला स्वतः सांगितला, हे मला आवडले. वायरमन रागावला नाही. त्याने ती वायर मागून घेतली, पकडीने एका टोकाचा पिन टॉप कापला आणि वायर परत दिली.

वायरमनने खांबावर चढण्यापूर्वी लाईन बंद असल्याचे परमिट घ्यावे, टेस्टरने पाहावे, तारा अर्थ करून मगच हात लावावा, असे शास्त्र आहे, आणि ते योग्यच आहे. तारा एकमेकींना जोडून जमिनीशी बांधल्या की उलट आलेला दाबही तिथे टिकत नाही. परंतु अपघात झाल्यावर ‘त्याने अर्थिंग का केले नाही’ असे विचारणे फार सोपे असते. आपल्या खेड्यांतून अधिकृत वायरमनच्या हाताखाली, किंवा त्याच्याशिवायही, ‘झिरो वायरमन’ म्हणून ओळखली जाणारी तरुण मुले खांबावर चढतात. त्यांच्याकडे ना परमिट, ना हातमोजे, ना अर्थिंगची साखळी. ही प्रथा बंद व्हावी असे माझे स्पष्ट मत आहे. पण ती बंद होईपर्यंत त्या मुलाचा जीव माझ्या ओसरीवरच्या एका पिनेवर अवलंबून राहावा, हे मला मान्य नाही.

जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत असंख्य खांब आडवे केले, तेव्हा काही गावे कित्येक दिवस अंधारात होती. पाणी चढवायला आणि मोबाईल चार्ज करायला लोकांनी जनित्रे आणली. दुरुस्तीसाठी महावितरणची पथके इतर जिल्ह्यांतून गेली. बाहेरून आलेल्या त्या माणसाला कोणत्या वाडीत, कोणाच्या परसात जनित्र आहे हे कसे ठाऊक असणार? समुद्राच्या वाऱ्यात त्याला ते ऐकू तरी यावे कसे?

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. जनित्र घराला जोडायचे असेल तर ‘मेन पाडायचे लक्षात ठेवा’ या उपदेशावर विसंबू नये. लक्षात ठेवणे हा उपाय नव्हे. माणूस घाईत असतो, अंधारात असतो, पाहुण्यांनी वेढलेला असतो. शिवाय मेन एकाने पाडावा आणि दुसऱ्याने, बिचाऱ्याने चांगल्याच हेतूने, तो उठवावा, हेही घरोघर घडते. उपाय असा हवा की चूक करायची म्हटली तरी करता येऊ नये.

असा उपाय फार जुना आहे आणि बाजारात मिळतो. त्याला चेंजओव्हर स्विच म्हणतात. नंदुरबारच्या रेल्वे स्थानकात रुळांचा सांधा तुम्ही पाहिला असेल. सांधा एका बाजूला असला की गाडी एका रुळावर जाते, फिरवला की दुसऱ्या. दोन्ही रुळांवर एकदम गाडी घालायची असे सांधेवाल्याने ठरवले तरी ते जमत नाही. लोखंडच त्याला तसे करू देत नाही. चेंजओव्हर तसाच असतो. मधली पाती घराच्या वायरिंगला जोडलेली असतात. दांडा वर केला की ती मीटरकडून येणाऱ्या तारांना भिडतात, खाली केला की जनित्राच्या तारांना, आणि मध्ये ठेवला की कुणालाच नाही. जनित्र आणि डीपी यांची गाठ पडण्याची वाटच उरत नाही.

यात एक बारकावा आहे आणि तो अनेक जाणते लोकही सोडून देतात. चेंजओव्हरने फेजबरोबर न्यूट्रलही तोडला पाहिजे. एका फेजच्या घराला दोन पात्यांचा, तीन फेजच्या जोडणीला चार पात्यांचा हवा. कटआऊटमधला फ्यूज काढून ठेवला की झाले, असे मानणाऱ्यांच्या घरी न्यूट्रल बाहेरच्या लाईनला जोडलेलाच राहतो. ‘न्यूट्रलमध्ये काय असते?’ असे ते विचारतात. साधारणपणे फारसे काही नसते, कारण तो डीपीपाशी जमिनीशी बांधलेला असतो. परंतु वादळात न्यूट्रलची तारच तुटली असेल तर ते बंधन गेले. अशा वेळी घरात एखाद्या ओल्या भिंतीतून जनित्राचा फेज जमिनीला लागला, तर फेज जमिनीच्या पातळीवर येतो आणि न्यूट्रल तिच्यापासून २३० व्होल्ट दूर जातो. खांबावरून लोंबणारी ‘निरुपद्रवी’ तार मग निरुपद्रवी राहत नाही.

अर्थिंगचेही असेच आहे. पुष्कळशा लहान जनित्रांत न्यूट्रल सांगाड्याशी जोडलेला नसतो. असे जनित्र घराला जोडले तर घरातली गळतीरक्षक कळ, फेज जमिनीला लागला तरी, तुटत नाही. कारण जमिनीतून गेलेल्या प्रवाहाला जनित्राकडे परतायला वाट नसते, आणि मंडल पूर्ण नसेल तर प्रवाह नाही, हे आपण शिकलेलोच आहोत. चेंजओव्हर न्यूट्रल तोडणारा असेल तर जनित्रापाशी स्वतंत्र अर्थिंग आणि त्याला न्यूट्रलची एक, फक्त एकच, जोड लागते. ही जोड कुठे द्यायची हे परवानाधारक ठेकेदाराचे काम आहे. घरातील वायरिंगचे काम परवानाधारकानेच करावे हे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून आपल्याकडे लिहिलेले आहे. फ्यूज बदलणे, बल्ब बदलणे एवढे आपण करावे. तुमच्यापैकी कोणी हा लेख वाचून स्वतःच चेंजओव्हर बसवायला निघेल तर माझे लिहिणे वाया गेले.

एका रात्रीसाठी भाड्याने जनित्र आणले असेल तर याहूनही सोपी गोष्ट आहे. ते घराला जोडूच नका. जनित्राच्या सॉकेटमधून एक चांगली जाड वायर घ्या, तिच्या टोकाला एक्स्टेन्शन बोर्ड लावा आणि त्यावर चार दिवे, दोन पंखे चालवा. घरातले ठरावीक दिवे लागणार नाहीत, म्हणून कोणाचे लग्न अडत नाही. त्या रात्री आम्ही शेवटी तेच केले. मंडपवाल्यांनी जनित्राबरोबर असा बोर्ड द्यायची पद्धत पाडावी, आणि गिऱ्हाइकाने तो मागून घ्यावा. मंडपाच्या एकंदर खर्चापुढे त्याची किंमत किरकोळ आहे.

जनित्र ठेवायचे कुठे हेही येथेच सांगून टाकतो. उघड्यावर, खिडक्यादारांपासून दूर. पावसाला भिऊन ते ओसरीत किंवा बोळात ओढले की त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. त्याला वास नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणूस झोपेत असला तर जागाच होत नाही. खाणीत हा वायू ओळखण्यासाठी पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी नेत असत, हे तुम्ही वाचले असेल.

आता कोणी म्हणेल, २००५ नंतरच्या काही वर्षांत दहादहा-बाराबारा तासांचे भारनियमन होते, तेव्हा जनित्रे लागत. आता इन्व्हर्टर आले, छपरांवर सौर पट्ट्या आल्या, मग हे जुने दुखणे कशाला? उलट, मला वाटते की आता ते अधिक समजून घ्यायला हवे. छपरावर लाईनला जोडलेली सौर यंत्रणा असलेल्या घरात मुले हमखास विचारतात, “बाहेर एवढे ऊन आहे, मग लाईट गेल्यावर आपलीही वीज का जाते?” उत्तर आमच्या हळदीच्या रात्रीतच आहे. बाहेरची लाईन गेल्याचे कळताच तो इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत स्वतःला तोडून घेतो, कारण लाईनवर कोणी माणूस चढणार असतो. तिथे यंत्र बनवणाऱ्याने ती काळजी आत घालून दिली आहे. पिनेच्या वायरीत ती कोणी घातलेली नाही.

आणखी एक तोटा सांगतो, तो निव्वळ पैशाचा आहे. मेन चालू राहिला आणि जनित्र सुरू असतानाच बाहेरची वीज परत आली, तर दोन उगमांची समोरासमोर गाठ पडते. प्रत्येकाचा दाब सेकंदाला पन्नास वेळा, शिखराला ३२५ व्होल्टपर्यंत, वरखाली होत असतो आणि दोघांचा ताल जुळण्याचे काही कारण नाही. एक वर असताना दुसरा खाली असेल तर मधले अंतर ६५० व्होल्टचे होते. हरणार कोण हे सांगायला नको. भाड्याने आणलेल्या जनित्राची गुंडाळी जळते आणि पेट्रोलच्या टाकीशेजारी ठिणग्या उडतात. वायरमनच्या जिवाची गोष्ट ज्याला पटत नाही, त्याला ही तरी पटावी म्हणून सांगितली.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. रोहित्र शिकवताना आकृतीवरचा बाण एकदा पुसून उलटा काढावा. प्रयोगशाळेत सुटे होणारे रोहित्र असेल तर ३०० आणि ६०० वेढ्यांची वेटोळी घ्यावीत. ३०० च्या वेटोळ्याला प्रयोगशाळेच्या पुरवठ्यातून २ व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब द्यावा. ६०० च्या टोकांना जवळजवळ ४ व्होल्ट मोजता येतील. मग तारा अदलाबदल कराव्यात. ६०० ला २ व्होल्ट दिले की ३०० ला सुमारे १ व्होल्ट मिळेल. दाब याहून वाढवू नये, आणि भिंतीतल्या सॉकेटशी या प्रयोगाचा काही संबंध येऊ देऊ नये. घरातले बेलचे किंवा रेडिओचे रोहित्र घेऊन तर हा प्रयोग मुळीच करू नये. त्याची उलटी बाजू २३० व्होल्टची असते. मोजमापे फळ्यावर लिहिल्यानंतर मुलांना विचारावे, की ४४ पट वेढे असलेल्या रोहित्राला कमी दाबाच्या बाजूने २३० व्होल्ट दिले तर काय होईल? उत्तर आले की वर्गाच्या खिडकीतून दिसणारा डीपी त्यांना दाखवावा. आमच्याकडे तो शाळेच्या फाटकालगतच आहे. बहुतेक गावांत असाच कुठेतरी जवळ असतो.